दिल्ली पाहायला गेलेली सिहोऱ्याची मंडळी

दिल्लीहून परत येऊन आम्हाला वर्ष होत आलं, पण किस्से काही संपायचं नाव घेत नाहीत. चौकात चहा प्यायला दोघं भेटले की एक सुरू होतो, तो संपायच्या आत तिसरा येऊन म्हणतो, "अन् मेट्रोतलं सांगितलं का?" खळ्यावर धानाचं पुंजणं रचावं तसं झालंय, वरचा भारा काढला की खालचा दिसतो. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. सिहोऱ्यात अजूनही सगळे मला मॅडमच म्हणतात. आयुष्यभर पोरांना लाल किल्ला शिकवला, फळ्यावर खडूनं काढून दाखवला, पण स्वतः कधी पाहिला नव्हता. शेवटी ठरवलं, धानाची चुरणी-मळणी आटोपली की जायचं! बघता बघता अकरा जण झाले आणि लीडर अर्थातच मी.

त्यातल्या चौघांची ओळख करून देते, म्हणजे पुढचं कळेल. शालिकभाऊ आमच्या तलावाचं पाणी वाटतात. कुणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं हे त्यांच्या शब्दावर चालतं, आणि त्यांची जीभ पाण्यापेक्षा जोरात वाहते. बळीरामजी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, उभी उमर काढून आलेले. तिसरे नामदेवकाका मिस्त्री, आणि चौथ्या त्यांच्या अनुसयाकाकू.

काही वर्षांपूर्वी नामदेवकाका एका ठेकेदाराबरोबर दिल्लीला गेले होते. इंडिया गेटजवळ जवानांचं स्मारक होत होतं, तिथे फरशी बसवायला. गावात येऊन त्यांनी हे सांगितलं, पण फोटो एकही नाही, कारण कामावर मोबाईल न्यायला बंदी. झालं! शालिकभाऊंना आयतं सापडलं. लग्नाच्या पंगतीत काका जेवायला बसले की हे ओरडणार, "दिल्लीवाले मिस्त्री, पत्रावळ पाहा बरं लेव्हलमंदी हाय का!" अख्खी पंगत हसायची. काकाही हसायचे. काकू मात्र कधी हसल्या नाहीत.

यादीत पहिलं नाव काकूंनीच लिहायला लावलं. काकांकडे बोट करून म्हणाल्या, "मॅडम, माहं लिवा अन् यायचं बी लिवा. यायनं लावलेल्या दगडावर मले एकदा उभं राहू द्या. मंग गावात कोन हासते ते पायतो मी!"

म्हणजे दिल्ली आम्ही सगळे पाहायला निघालो होतो, पण काकू निकाल लावायला निघाल्या होत्या.

*

पहिला मुक्काम लाल किल्ला. दरवाज्यासमोर उभी राहून मी अगदी वर्गात शिरल्यासारखी सुरू झाले. पंधरा मिनिटं बोलले. वळून पाहते तर शालिकभाऊ नाहीत! मंडळी घाबरली. भाऊ कठड्यावरून वाकून खालच्या कोरड्या खंदकाकडे बघत होते.

"मॅडम, एवढी मोठी बोडी, अन् थेंबभर पानी नाही?"

मी सांगितलं की ही आपल्या गावातल्या तळ्यासारखी बोडी नव्हे, खंदक आहे. दुश्मन आत येऊ नये म्हणून पूर्वी यात पाणी असायचं.

भाऊंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "दुश्मन तं गेले ना आता?"

"गेले."

"मंग रिकामं काहून ठेवलं? पानी सोडा अन् शिंगाडा लावा!"

शेजारी उभ्या असलेल्या दिल्लीच्या गाईडनं मला विचारलं, ये क्या कह रहे हैं? मी म्हटलं, किल्ला बहुत पसंद आया!

*

कुतुबमिनारच्या आवारात तो लोखंडी खांब आहे ना, इतक्या शतकांत न गंजलेला, तो पाहायला बळीरामजी सगळ्यांच्या पुढे. मिनारकडे त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. खांबाच्या कुंपणाला धरून उभे राहिले ते हलेचनात. डोळ्यांत पाणी म्हणाल तर होतं.

मग मोठ्या रुबाबात त्यांनी गाईडला विचारलं, "इसमें मँगनीज कहाँ का डाला?"

आमच्याकडच्या खाणवाल्यांचा हा विश्वासच आहे. पोलाद मजबूत व्हायला मँगनीज लागतं, म्हणून जगात कुठेही मजबूत लोखंड दिसलं की त्यात चिखल्याचं काहीतरी असणारच! पण गाईड शिकलेला निघाला. म्हणाला, "नहीं बाबा, इसमें मँगनीज तो ना के बराबर है।"

बळीरामजींचा चेहरा असा पडला की काय सांगू. दुपारी जेवले नाहीत धड. "चालायचंच हो," मी म्हटलं, "तेव्हा आपली खाण कुठे होती?" तरी त्यांनी ताट बाजूला सारलं.

परतताना मेट्रोत गर्दी. उभं राहून सगळ्यांनी मधल्या स्टीलच्या दांड्याला धरलेलं. बळीरामजींनी दांडा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. बोटानं टकटक वाजवला. कान लावून ऐकला. आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,

"याच्यात हाय!"

रात्री चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

*

राजघाटावर आमची मंडळी आपोआप गप्प झाली. चपला काढून, हात जोडून, एका रांगेत. एवढी शिस्त मला शाळेत कधी लावता आली नाही.

अनुसयाकाकूंनी कंबरेची पुरचुंडी सोडली. नव्या हंगामाचं मूठभर धान त्यांनी शेतातून आणलं होतं. नवं धान आधी देवाला, मग घरात, ही आमच्याकडची रीत. पण तिथल्या माणसानं हात आडवा केला, इथे फुलांशिवाय काही वाहायचं नाही म्हणाला. काकूंनी वाद घातला नाही. बाहेर आल्या, एका झाडाखाली जागा हातानं साफ केली आणि धान तिथे ठेवलं. आम्ही चपला घालेपर्यंत दोन खारी उतरल्या आणि दाणे सोलायला बसल्या.

काकू शांतपणे म्हणाल्या, "पोचलं बापूले."

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, शालिकभाऊंनाही आलं. पण ते कबूल करायचे नाहीत.

*

जंतरमंतर म्हणजे माझा विषय. भूगोल! सावलीवरून वेळ सांगणारं ते भलंमोठं यंत्र मी मंडळींना इतकं समजावून सांगितलं की दोघं तर तिथेच गवतावर आडवे झाले.

शालिकभाऊ मात्र कमरेवर हात ठेवून ऐकत होते. त्यांच्या हातात घड्याळ कधीच नसतं. पाण्याच्या पाळ्या ते सावली बघूनच बदलतात आणि गावात त्यांची पाळी कधी चुकत नाही. त्यांनी आपल्या सावलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकरा वाजून चाळीस मिनिटं."

मी मोबाईल काढला. अकरा पन्नास! आयुष्यात पहिल्यांदा शालिकभाऊ चुकले होते. मला काय आनंद झाला! मी लगेच कारण सांगितलं. आपलं गाव दिल्लीच्या पूर्वेला आहे, आपल्याकडे सूर्य आधी येतो, इथे तो दहाएक मिनिटं उशिरा पोचतो. म्हणून तुमचा हिशोब दहा मिनिटांनी चुकला.

"म्हंजे आपल्याकडे बरोबर टायमावर येते?"

"हो."

"अन् इथं दहा मिनिटं लेट?"

"हो, तसंच म्हणा."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "मंग मी कायचा चुकलो, मॅडम? दिल्लीचा सूर्य लेट चालून राहिला!"

आडवे झालेले दोघं उठून बसले आणि टाळ्या वाजवायला लागले. चौतीस वर्षं शिकवलं, पण असा हरलेला तास आठवत नाही.

*

हुमायूनच्या मकबऱ्यात नामदेवकाका मागे मागे राहायला लागले. आम्ही घुमट बघतोय, हे भिंतीचे दगड चाचपडताहेत. एका कोपऱ्यात तर भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून उभे!

"काय झालं काका?"

"मॅडम, हा मिस्त्री डावखुरा होता." त्यांनी एका दगडावर बोट ठेवलं. "बाकीच्यायचे छिन्नीचे घाव पाहा, असे इकडून उतरते. याचे तिकडून. बाजूचे तीन दगड बी याचेच होय."

आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. खरंच, घाव उलट्या बाजूनं तिरके होते. मला तर काटा आला अंगावर. कोण कुठला, नाव ना गाव, आणि आमच्या सिहोऱ्याच्या माणसानं त्याचा हात ओळखला!

पण शालिकभाऊ थोडेच गप्प बसतात? "वा बापा! चार-साडेचारशे वर्सांच्या आंधीचा मिस्त्री तुमच्या वयखीचा निंगाला! अन् सोताचा लावलेला दगड? तो उद्या सापडन का नाही?"

मंडळी हसली. काकांनी हात भिंतीवरून काढला. काकू एकट्या पुढे चालायला लागल्या. त्या रात्री धर्मशाळेत त्या सगळ्यांच्या आधी जेवून उठल्या. मला लीडर म्हणून नव्हे, बाई म्हणून कळत होतं. उद्या काही दाखवता आलं नाही, तर गावात परत गेल्यावर पंगतीत बसणं या दोघांना अवघड होणार होतं.

*

शेवटचा दिवस जवानांच्या स्मारकाचा.

आत गेलो तसे सगळे हळू बोलायला लागले. भिंतींवर ओळीनं नावं. किती म्हणून वाचावी! शालिकभाऊंनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला आणि बराच वेळ तसेच फिरत राहिले. बळीरामजी एकेका नावाशी थांबून मान लववत होते. तासाभरानं बाहेरच्या रुंद वाटेवर आलो. ऊन छान पडलं होतं.

काकूंनी पदर खोचला. "हं. कुठं हाय तुमचा दगड?"

काका वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. वाकून बघितलं, पुन्हा गेले. सगळे दगड सारखे. एका मापाचे, एका रंगाचे. काकांच्या कपाळावर घाम आला आणि काकूंचा चेहरा मला बघवेना.

"काय मिस्त्री?" शालिकभाऊंनी सुरुवात केलीच. त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की छडी असती तर दिली असती!

काका उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "दगड नाही सांगता येत. मशीनवर कापून येत, सारे सारखेच. पन पानी वाहून जायाचा ढाळ माहा होय. साहेबानं म्हनलं, नामदेव, या टप्प्याचा ढाळ तुह्या हातानं दे. बांधीले देतो तसा दिला मी."

"ढाळ? पान्याचं मले सांगता?"

आता प्रकरण शालिकभाऊंच्या कोर्टात आलं. अख्ख्या पंचक्रोशीत दुसऱ्यानं काढलेला ढाळ या माणसानं कधी मान्य केलेला नाही. त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली, उकिडवे बसले, जमिनीला डोळा लावून दोनचार जागा बघितल्या आणि सगळ्यांत सपाट दिसणारी जागा निवडली.

"इथं टाकतो. कुठं जाईन, सांगा."

काकांनी त्या जागेकडे पाठ केली. खरंच पाठ केली! आणि म्हणाले, "डाव्या अंगानं निंगन. तिसऱ्या जोडावर वळन. पुढं कडेले जाळी हाय, तिच्यात जाईन. मंधात कुठीच थांबनार नाही."

भाऊंनी बाटली उपडी केली.

पाणी क्षणभर जागच्या जागी पसरलं. मग त्याला एक टोक फुटलं आणि ते डावीकडे निघालं. एक जोड. दुसरा. तिसऱ्या जोडाला वळलं. आम्ही अकरा जण लहान पोरांसारखे त्याच्या मागे चालत होतो. कडेच्या गवताजवळ बारीक जाळी होती, आम्हाला कुणाला ती दिसलीही नव्हती. पाणी तिच्यात उतरलं.

शालिकभाऊ परत मागे गेले. जिथे पाणी ओतलं होतं तिथे तळहात ठेवला. मग पुढच्या दगडावर. मग त्याच्या पुढच्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पहाऱ्यावरचा जवान झपाझप आमच्याकडे आला. "ओ ताऊ! ये क्या हो रहा है? पानी किसने गिराया?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण शालिकभाऊ माझ्या पुढे झाले. ओला हात धोतराला पुसला आणि ताठ उभे राहिले.

"साहब, पानी मैंने गिराया। ये हमारे गाँव के मिस्त्री हैं। ये फरशी इन्होंने बिछाई है।"

नामदेवकाकांनी चटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. जवानानं खाली पाहिलं. पाणी कधीच गेलं होतं, नुसता एक ओला पट्टा राहिला होता. मग त्यानं काकांकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

"आपने बिछाई है?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"बरसात में मैं यहीं खड़ा रहता हूँ," जवान म्हणाला. "ठीक इसी जगह।"

काकू पुढे आल्या. त्यांना हिंदी कळते, बोलता येत नाही. त्याच्या बुटांकडे बघत त्यांनी विचारलं,

"पावसात पाय वले नाही होत ना, बाबू?"

"नहीं माताजी. कभी नहीं."