टीव्ही नीट दिसत नाही

आमच्या तक्रारवहीत 'शेरा' म्हणून एक रकाना होता, बोटभर रुंद. त्यात 'डिश सरळ केली' किंवा 'वायर बदलली' एवढंच मावायचं. उरलेलं सगळं मी घरी घेऊन यायचे आणि जेवताना सांगायचे. आता निवृत्त होऊन जयपूरच्या जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला, तरी चहाला आलेलं कुणीतरी म्हणतंच, "ताई, तो कढईचा किस्सा सांगा ना."

मी मूळची साताऱ्याची. सरकारी टीव्ही केंद्रात इंजिनिअर होते, बदलीनं जयपूरला आले. शेवटची काही वर्षं प्रेक्षकांच्या तक्रारी माझ्याकडे होत्या. विभाग म्हणजे मी, एक फोन, एक जुनी जीप आणि टेक्निशियन शेखावतजी. मिशी भारदस्त, बोलणं मोजकं. घरोघरी जाणं खरं तर आमचं काम नव्हतं. पण माणसं फोनवर इतकी काकुळतीला यायची की आम्ही निघायचोच.

●

आदर्श नगरमध्ये देशपांडेकाका राहायचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांची तक्रार अशी की रोज दुपारी बरोबर चार वाजता चित्र तुटतं आणि साडेचारला आपोआप ठीक होतं.

आम्ही पावणेचारलाच त्यांच्या छतावर जाऊन बसलो. चार वाजले आणि शेजारच्या भिंतीवरून सात-आठ माकडं आली. दोन थेट डिशवर चढली, एक तिच्या दांड्याला लोंबकळलं. पाठोपाठ जिन्यातून काकू आल्या, हातात पोळ्यांचा डबा. त्यांनी पोळ्या डिशच्या अगदी पायथ्याशी ठेवल्या.

शेखावतजी म्हणाले, "काकीजी, त्या कोपऱ्यात ठेवा ना. इथं ठेवल्या की डिश हलते."

काकूंनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मला माहितेय हो. चार वाजता हे मोठ्या आवाजात चर्चा लावतात. तेवढा अर्धा तास मला डोळा लागतो."

शेखावतजींनी वहीत लिहिलं, 'वानरांचा उपद्रव. उपाय नाही.'

●

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एक कारखाना होता, हलवायांच्या मोठाल्या कढया बनवणारा. तिथल्या फोरमनचा, बन्सीलालजींचा, दर आठवड्याला फोन यायचा. कामगारांच्या जेवणाच्या खोलीतला टीव्ही चार दिवस छान चालतो आणि मग एकदम बंद पडतो.

जाऊन पाहिलं तर छतावर डिशच नव्हती. ती धुळीच्या वादळात, आंधीत, उडून गेली होती. तिच्या जागी लोखंडी चौकटीत तिरकी बसवलेली भली मोठी चकचकीत कढई, आणि तिच्यासमोर दांड्यावर जुन्या डिशचा सिग्नल पकडणारा डबा.

शेखावतजींनी मीटर लावला. मग कढई वीतभर डावीकडे कलवली आणि मला मीटर दाखवला. आमच्या केंद्रातल्या डिशपेक्षा सिग्नल चांगला होता.

मी म्हटलं, "बन्सीलालजी, हे तर उत्तम चाललंय. मग दर आठवड्याला बिघडतं कसं?"

बन्सीलालजी ओशाळले. "मॅडमजी, ही कढई उद्या डिलिव्हरीला जायचीय."

●

संक्रांतीच्या दिवशी आमचा फोन एकदाही वाजला नाही. बारा वाजले तसे शेखावतजी अस्वस्थ झाले. त्यांनी रिसीव्हर उचलून बघितला, फोन चालू होता.

मग सहज आमचाच टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसते चौकोन. धावत छतावर गेलो. दिल्लीहून येणारं चित्र आम्ही ज्या डिशवर घेत होतो, तिच्या तोंडाशी चमकी कागदाचा मोठा पतंग गुंडाळून बसला होता. सकाळपासून चित्र तसंच जात होतं. आणि एकानंही तक्रार केली नव्हती, कारण अख्खं जयपूर छतावर पतंग उडवत होतं.

शेखावतजींनी पतंग सोडवला. फाटला नव्हता, म्हणून उडवूनही दिला. खाली येऊन वही उघडली. "मॅडम, आज काय लिहू?"

"लिहा, सर्व प्रेक्षक समाधानी."

●

गणपतीत आमच्या मराठी मंडळानं एकदा वादविवाद ठेवला होता. विषय, सरकारी टीव्ही जनतेच्या पैशावर चालवावा का. परीक्षक म्हणून मला बसवलं. मी म्हटलं, अहो, माझा पगारच त्यातून येतो. पण ऐकतं कोण?

कर्नल भोसले विरोधात बोलले. लष्करातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. "माझ्या घरी हे चॅनल कुणी बघत नाही. नातवंडं मोबाइलवर बघतात, मी क्रिकेट बघतो. ज्याला बघायचंय त्यानं पैसे भरावेत. जो बघत नाही, त्याच्या करातून का?" टाळ्या पडल्या. समोरच्या बाजूनं बोलणारी कॉलेजची मुलगी, आधीच मराठीत अडखळणारी, अगदीच गडबडली. "मतलब... असं नाही..." एवढंच म्हणाली आणि कागद चाचपडत राहिली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कुलकर्णीआजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "कर्नलसाहेब, एक विचारू? मी जन्मात रणगाडा वापरला नाही. माझे पैसे कधी परत मिळतील?"

मग कर्नलसाहेबांनी पाय जुळवून आजींना कडक सॅल्यूट ठोकला आणि आपलं भाषणाचं टाचण त्या मुलीच्या हातात दिलं. पहिलं बक्षीस मी आजींना दिलं. त्या स्पर्धेत नव्हत्या, पण हरकत कुणीच घेतली नाही.

●

आणि हे रामनिवासजींचं. शाळेत संगीत शिकवायचे, आता वय झालेलं. त्यांचा फोन आला, "आवाज स्वच्छ आहे, पण महिना झाला, चित्र धुरकट येतंय. रोज जास्तच."

आम्ही गेलो. दार त्यांनीच उघडलं, हातानं चौकट चाचपत. रामनिवासजी जन्मापासून आंधळे होते.

मी शेखावतजींकडे बघितलं. रामनिवासजींना ते कळलं असावं. हसून म्हणाले, "मी ऐकतो, आणि काय दिसतंय ते आमच्या शांताजी सांगतात. चाळीस वर्षं असाच टीव्ही बघतोय. हल्ली त्या म्हणतात, धुकं आहे, माणसं ओळखू येत नाहीत."

टीव्ही चालू होता. चित्र लख्ख होतं.

शांताजी आतून पाणी घेऊन आल्या. ट्रे टेबलावर ठेवताना अर्धा बाहेरच ठेवला. शेखावतजींनी तो अलगद आत सरकवला आणि त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर पांढुरकी सायच आली होती.

"दोष आमच्याकडचाच आहे, मास्टरजी," शेखावतजी म्हणाले. "दुरुस्तीला थोडे दिवस लागतील. काकीजींना मात्र सोबत घेऊन जावं लागेल."

त्यांनी रजा टाकली आणि शांताजींना स्वतः मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं. आधी एक डोळा, महिन्याभरानं दुसरा.

त्यानंतर आठवडाभरानं रामनिवासजींचा फोन आला. "मॅडमजी, चित्र आता एकदम स्वच्छ. बातम्या देणारीच्या साडीचा काठसुद्धा दिसतो. पण एक नवी तक्रार लिहून घ्या."

"सांगा ना."

"आता ह्यांना इतकं दिसतं, आणि इतकं सांगतात, की मला बातम्या ऐकूच येत नाहीत."