दादाला पाहायला आले तेव्हा

आमच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे माझा, हे ठरलेलंच होतं. वकिलांच्या घरून खुर्च्या आणायच्या, शेजारणीनं भरलेला टेबलक्लॉथ ‘आमच्या मुलीनं भरलाय’ म्हणून अंथरायचा, पोहे आईनं करायचे आणि ‘हिनंच केले’ म्हणून मी बाहेर न्यायचे. मी उंच होते. चांगलीच उंच. समोर बसलेला नवरामुलगा माझ्यासमोर उभा म्हणून राहायचा नाही, कारण उभा राहिला असता तर त्याचंच हसं झालं असतं. मग थोड्या दिवसांनी निरोप यायचा. मुलगी फार गुणी आहे, घर फार चांगलं आहे, पोह्यांचं तर विचारूच नका, पण काय करणार, पत्रिका जुळत नाही. सगळ्या वऱ्हाडात माझ्या पत्रिकेशी जुळायला एकही पत्रिका तयार नव्हती.

असा निरोप आला की दादा हजर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अमरावतीच्या कॉलेजात शिकणारा, सगळ्या घराचा लाडका. दारातूनच ओरडायचा, “काय वं, या खेपेले काय नडलं? उंची का नाक?” हातात असेल ते मी त्याला फेकून मारायची. तो वाकून चुकवायचा आणि हसत हसत मळ्यात पळायचा. एकदा उलथनं लागलं त्याला, पण सुधारला नाही.

आणि मग एका वर्षी पाहायला आले ते खुद्द दादालाच.

आमचा मळा अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होता. वांगी, मेथी, थोडी शेवंती आणि मागच्या अंगाला संत्र्याची झाडं. बाबा मूळचे नांदगाव खंडेश्वराकडचे, इथं येऊन त्यांनी हा मळा उभा केला होता. संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापारी पाहायला यायचे, आणि व्यापारी ओळखण्यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. फळ हातात घेऊन ‘डाग हाये, साल जाड हाये, आंबट दिसते’ म्हणणारा आला की बाबा खुशीत त्याला बाजेवर बसवायचे. ‘वा वा, काय संत्री हायेत’ म्हणणारा आला की आईला खूण करायचे, याला नुसता चहा दे. “नावं ठेवते थो घेते,” ते आम्हाला सांगायचे, “अन् तारीफ करते थो चहा पिऊन जाते.”

एका साली त्यातल्या निम्म्या झाडांना डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक गळायचा आणि पाहता पाहता झाड वाळून जायचं. बाबांनी चुना फासला, हळद लावली, अंगारा लावला. शेवटी कुऱ्हाड घेऊन स्वतःच्या हातांनी ती झाडं तोडली आणि नंतर कितीतरी दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत. दादा तेव्हा शाळेत होता. त्यानं तोडलेल्या बुंध्याचा एक तुकडा आपल्या पेटीत ठेवून दिला होता. तो का ठेवला, हे आम्हाला पुढे कळलं.

कॉलेजात गेल्यावर त्यानं कुठून तरी शोधून काढलं की अमेरिकेत एक मोठं नावाजलेलं शेतकीचं कॉलेज आहे आणि तिथं झाडांच्या रोगांचंच शास्त्र शिकवतात. झालं! पोरगा त्या ध्यासानं पार बैताड झाला. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, मोठं काम निघालं की नागपूर गाठायचं, आणि दादा नागपूरला निघाला तरी आई शिदोरी बांधताना डोळे पुसायची. अशा घरातलं पोरगं अमेरिकेला अर्ज करून बसलं. मोटेच्या बैलांशी इंग्रजीत बोलायचं, काट्याचमच्यानं वांग्याची भाजी खायचं, आणि शिंप्याकडे सुटाचं माप देऊन आलं ते वेगळंच.

शेजारचे वकील म्हणजे जगातल्या सगळ्या गोष्टींची खबर असलेला माणूस. बाबांनी त्यांना विचारलं, पोराला घेतील का? वकील म्हणाले, “बाहेरदेशच्या मुलांना तिथं जागा अगदी मोजक्या. आणि अर्ज साऱ्या जगातून. फार आशा ठेवू नका.”

“फार नाही म्हंजे किती ठेवू?” बाबांनी विचारलं.

मग बाबाच म्हणाले, “मृगाच्या बहाराएवढी समजतो. आला तं आला, नाही तं नाही.” आणि तेवढी आशा घेऊन ते घरी आले. खरं सांगायचं तर तेवढीच राहिली असती तर बरं झालं असतं.

काही महिन्यांनी कॉलेजचं उत्तर आलं. तुमच्या भागात आमचे एक जुने विद्यार्थी राहतात, ते घरी येऊन तुम्हाला भेटतील आणि तुमच्याविषयी आम्हाला कळवतील. हे जुने विद्यार्थी म्हणजे अकोल्याला राहणारे एक अमेरिकन पाद्रीसाहेब निघाले. दादानं ते सगळं मराठीत समजावून सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे पाहाले येऊन राहिले, असंच ना?”

मग काय, घराला या कामाची सवयच होती! वकिलांच्या घरून खुर्च्या आल्या, शेजारणीचा टेबलक्लॉथ आला. तिनं विचारलं, या वेळी कोणी भरला म्हणून सांगायचं? आईनं पोहे निवडायला घेतले. पण बाबांची तऱ्हा पाहण्यासारखी होती. हा माणूस मुलाचा बाप म्हणून जन्मभर ताठ मानेनं हिंडलेला. दादासाठी सांगून आलेल्या मुलींच्या बापांना त्यांनी ओट्यावर ताटकळत ठेवलेलं मी पाहिलं होतं. आता तेच अंगणात येरझारा घालत होते, फेट्याला पुन्हा पुन्हा हात लावत होते, आणि आईला विचारत होते, “साहेब नाही म्हणाले तं कोणते तोंडानं बाजारात जाऊ?” मला हसू आवरेना. मुलीच्या बापाचं सोंग त्यांना एकदम झकास जमलं होतं.

दादा मात्र दुपारी गुपचूप विहिरीपाशी आला आणि मला म्हणाला, “तुले सवय हाये नं वं. कसं बसत असतात, सांग.”

अशी संधी मी सोडणार होते होय? मी त्याला सगळं शिकवलं. खुर्चीत रेलायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं तरी थोडकंच बोलायचं. आपले गुण आपण सांगायचे नसतात, ते बशीतल्या पोह्यांनी सांगायचे असतात. तो पहिल्यांदा हसला, मग वहीत टिपून घेतो की काय इतका गंभीर झाला.

पाद्रीसाहेब अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरले आणि टांग्यानं आले. माणूस लाख मोलाचा, उंच, उन्हानं लाल झालेला. मराठी ते पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे बोलले की घरात कीर्तन चाललंय असं वाटायचं. घरच्यांना समजावं म्हणून ते दादाशीही मराठीतच बोलत होते. मी पडद्याआड होते. जिंदगीत पहिल्यांदाच मी आत उभी होते आणि बाहेर दुसरंच कोणी बसलं होतं. अहाहा, काय सुख होतं ते!

“आपण आपल्याविषयी मला काही निवेदन करावे,” साहेब म्हणाले.

दादा खाली मान घालून बसला. मग बाबांना राहवेना. आपल्या लेकराचं आपणच कौतुक केलं की दृष्ट लागते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. म्हणून बाबा हात जोडून म्हणाले, “काय सांगू साहेब, आळशी हाये. खाते लय. सकाळी उठवल्याशिवाय उठत नाही.” आईनं आतून मान डोलावली. साहेबांनी एक घास पोहे खाल्ले.

“त्या विद्यालयाने आपणांस का घ्यावे?” त्यांनी दादाला विचारलं.

दादानं पडद्याकडे पाहिलं. मी फटीतून हातानं झाडाचा बुंधा दाखवला, डिंक गळून दाखवला, कुऱ्हाड चालवून दाखवली. अरे, ते सांग ना, बैताडा! पेटीतला तुकडा आणून दाखव! त्याला सगळं समजलं, मी पाहिलं. त्याचे ओठ हललेही. पण बाबा समोर बसले होते, आणि ती झाडं तोडल्यापासून घरात त्या झाडांचं नाव कोणी काढलं नव्हतं. दादा हळूच म्हणाला, “थे त्यांनीच ठरवाचं.”

मी शिकवलेलं त्यानं तंतोतंत केलं होतं. माझ्यापेक्षाही छान.

मग साहेब मळ्यात हिंडले. मळा फार सुंदर, म्हणाले. संत्री फार मधुर. पोहे अप्रतिम, आपले कुटुंब अत्यंत प्रेमळ. बाबा आनंदानं फुगले. मी मात्र आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

पुढचे महिने कसे गेले ते काय सांगू. बाजारात बाबांना जो तो विचारायचा, काय, पोट्टा केव्हा जाऊन राहिला? बाबांनी बहाराएवढी आणलेली आशा आता साऱ्या मळ्यावर पसरली होती. दादाचा सूट शिवून आला. तो घालून तो आरशासमोर उभा राहिला तेव्हा मी त्याला चिडवायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. इतका देखणा दिसत होता मेला.

उत्तर पाद्रीसाहेबांकडे आलं. टपालानं पुढे पाठवून दिलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांना ते बरं वाटलं नसावं. ते स्वतः आले. उन्हातून आले होते, पाणी प्याले आणि बोलायला लागले.

“आपला पुत्र फार गुणी आहे. विद्यालयातील सर्वांस त्याचे फार कौतुक वाटले. इतका उत्तम विद्यार्थी त्यांनी क्वचितच पाहिला. आपल्या कुटुंबाविषयीही मी फार चांगले लिहिले होते...”

बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. “आयकलं का वं!” ते आईला ओरडले, आणि गड्याला सायकलवर पेढ्यांसाठी पिटाळलं. दादा उठून उभा राहिला होता. हसत होता, डोळे भरलेले होते. साहेब “परंतु” म्हणत होते, पुन्हा “परंतु” म्हणत होते, पण आमच्या बाबांच्या आनंदापुढे त्या गरीब परंतुचं काय चालणार! पेढे आले. बाबांनी एक उचलला आणि साहेबांच्या तोंडाशी नेला. साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. इतका दुःखी माणूस पेढ्यासमोर बसलेला मी पाहिला नाही.

मी पडदा सारून बाहेर आले. पाहुण्यांसमोर न बोलावता मी कधी आले नव्हते.

“बाबा,” मी म्हटलं, “थे नाही म्हणून राहिले.”

“कावून? तारीफ करून राहिले नं इतकी!”

“म्हणूनच,” मी म्हटलं. “तुमीच सांगता नं बाबा, नावं ठेवते थो घेते.”

बाबांचा हात तसाच राहिला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “जागा फार थोड्या होत्या. मला अत्यंत खेद वाटतो.” दादा खुर्चीवर बसला, मी शिकवलं होतं तसा, काठावर.  मग बाबांनी तो पेढा साहेबांच्या हातावर ठेवला. “घ्या साहेब,” म्हणाले. “आमच्या घरून कोणी तोंड कडू करून जात नाही.” आणि स्वतः टांग्यापर्यंत पोचवायला गेले. माझ्या बाबांचा मला त्या दिवसाएवढा अभिमान कधी वाटला नाही.

दादा मळ्यात गेला. आईनं मला पाठवलं. मी जाताना उरलेल्या पेढ्यांची पुडी घेतली, कारण आता गावात वाटायची तर सोय नव्हती. तो विहिरीच्या काठावर बसला होता, सूट नव्हता अंगात म्हणून बरं. खरं सांगायचं तर एक वाक्य वर्षानुवर्षं माझ्या तोंडात तयार होतं. उंची का नाक. इतकी वर्षं मी ते त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. आता बोलायची वेळ आली तर मी पुडीचा दोराच चाळवत उभी राहिले.

तोच बोलला. माझ्याकडे न पाहता.

“तुले दर वेळी असंच होत जाय का वं?”

मला एकदम रडू आलं. इतक्या वेळा खुर्च्या आल्या, गेल्या, आईनं विचारलं नव्हतं, बाबांनी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “हो.”

तो मग नाक पुसून म्हणाला, “अन् म्या तुले चिडवत जाय.”

“मी उलथनं मारलं होतं नं,” मी म्हटलं.

त्यानं डोक्यावर हात फिरवला, जिथं ते लागलं होतं तिथं. मग हसायचा प्रयत्न करत विचारलं, “सांग मंग. मायं काय नडलं? उंची का नाक?”

“पत्रिका,” मी म्हटलं. “पत्रिका नाही जुळली रे दादा.”

तो काठावर थोडा सरकला आणि त्यानं मला जागा करून दिली. मी पुडी सोडली. पेढे चांगले होते, आम्ही दोघांनी ते सगळे तिथंच बसून संपवले.