हात लावा, सर

आमच्या मुरबाडकडच्या गावांत डोक्यावरचा भारा कुणी एकट्यानं चढवत नाही. लाकडांचा असो, गवताचा असो, बांधून झाला की बाई उभी राहते आणि वाटेनं जो येईल त्याला म्हणते, "जरा हात लाव." तो लावतो. नाही म्हणायची रीतच नाही. माझ्या चुलत्याचं आणि आमचं बांधावरून भांडण, वर्षानुवर्षं बोलणं बंद. तरी आईनं भाऱ्याशेजारी उभं राहून त्याच्याकडं नुसतं पाहिलं, की तो मुकाट्यानं यायचा, एक बाजू धरायचा, भारा चढवून द्यायचा आणि तोंड न उघडता निघून जायचा. भांडण भांडणाच्या जागी राहायचं.

हे आधी सांगते, कारण ज्या माणसावर मी आजही डूख धरून आहे, त्यानं नेमकं एवढंच केलं नव्हतं.

किन्हवलीच्या वाटेवर, आमच्या गावाला लागून, एका खासगी विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. मला तिथं ग्रंथालयात नोकरी लागली. माझ्या खिडकीतून गेट दिसतं आणि गेटापासून आमच्या घराची कौलं दिसतात. विद्यापीठानं जागा घेतली तेव्हा त्यावर सागाची जुनी झाडं होती, ती त्यांनी राखली. त्याचं श्रेय त्यांना द्यायला माझी हरकत नाही. होळीच्या सुमाराला त्या झाडांचा पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, गावातल्या बायका गोळा करून नेत. भाताचं रोप जिथं टाकायचं, ती जमीन आमच्याकडं आधी भाजून घेतात. शेण, काटक्या, पातेरा पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. धूर होतो, हे खरं. सरांच्या गाडीचाही होतो.

सर म्हणजे हरित परिसर समितीचे प्रमुख. ठाण्याहून रोज एकटे गाडीनं यायचे. बोलणं गोड, शर्ट नेहमी पांढरा आणि दर दोन वाक्यांना 'शाश्वत'. आल्या आल्या त्यांनी गेटावर फलक लावला: पालापाचोळा बाहेर नेण्यास व जाळण्यास सक्त मनाई. पानांचं खत करायचं ठरलं. खताचे खड्डे खणले, त्यांचे फोटो काढले.

आईला वाचता येत नाही. फलक लागल्यावर ती नेहमीसारखी आत गेली, जुन्या साडीत पातेऱ्याचा भारा बांधला, खाली चार फांद्या घातल्या आणि झाडणाऱ्या बाईनं हात लावल्यावर डोक्यावर घेऊन गेटाशी आली. वॉचमननं अडवलं. भारा उतरवायला लावला, सोडायला लावला. सर तिथंच होते, सोबत विद्यार्थ्यांचा एक गट. पर्यावरण जागृतीचा कार्यक्रम चालू होता. सरांनी आईकडं बोट दाखवून मुलांना काहीतरी समजावून सांगितलं, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "आजच्या दिवस न्या, मावशी. पुन्हा नाही."

आईनं पातेरा परत गोळा केला, भारा बांधला आणि सवयीनं, समोर जो उभा होता त्याला म्हणाली, "जरा हात लावा, सर."

सरांनी आपल्या शर्टाकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं. सर मागं सरले म्हटल्यावर मुलंही सरली. वॉचमन आमच्याच भागातला, पण त्यानंही सरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. मी खिडकीतून हे सगळं पाहत होते. धावत खाली आले तोवर आई भारा जमिनीवरून ओढत गेटाबाहेर नेत होती आणि मागं पानांची रेघ उमटत होती.

मी भाऱ्याला हात लावला. सर म्हणाले, "अरे, या तुमच्या आई का? मग तुम्हीच समजवा ना त्यांना."

पुढच्या आठवड्यात गेटाच्या भिंतीवर मोठं पोस्टर लागलं. आई ओणवी, भाऱ्याची गाठ मारताना. वर लिहिलं होतं, 'हे थांबवू या.' मला रोज त्याच्याखालून कामावर जावं लागे. आईला मी सांगितलं नाही, पण गावात असं लपतंय थोडंच. ती एवढंच म्हणाली, "जाऊं दे गो. आपल्याला नोकरी करायची हाय."

मी जाऊ दिलं नाही. तोंडानं एक शब्द बोलले नाही, उलट हरित समितीत स्थानिक प्रतिनिधी म्हणून नाव दिलं. सरांना आनंद झाला. त्यांना कागदावर गावातलं कुणीतरी हवंच होतं. आणि मी गावात घरोघर जाऊन बायकांना सांगितलं, की फलकावर लिहिलंय ते पाळायचं. एक पान उचलायचं नाही. पातेरा आपण यंदापासून डोंगराकडून आणू.

"लांब पडल," एकजण म्हणाली.

"पडूं दे," दुसरी म्हणाली. "त्याला बसूं दे त्याची पानं कवटाळून."

सागाचं पान सुपाएवढं, आणि ते लवकर कुजत नाही. पुढच्या वर्षी माघ संपता संपता खड्डे भरले. मग रस्ते भरले, पार्किंग भरलं, गटारं तुंबली. पेटवायची सोय नाही, फलक सरांचाच. बाहेर टाकायची सोय नाही, तोही फलक सरांचाच. सफाईची माणसं झाडायची आणि त्यांच्या पाठीमागं वारा तेवढंच पुन्हा पसरायचा. मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीवर पानांतून घोणस निघाली, तेव्हा पालकांचे फोन सुरू झाले. मी खिडकीत बसून चहा प्यायचे. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला जेवण गोड लागायचं.

अशात बाहेरची तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. परिसर किती शाश्वत आहे, ते ती पाहणार होती. सर माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, गावातल्या बायका पूर्वी पानं न्यायच्या ना? त्यांना सांगा, नेऊ देत."

"सर, मनाई आहे."

"मी देतो ना परवानगी."

"त्या यायच्या नाहीत, सर. गेटाशी भाऱ्याला हात लावायला कुणी नसतं."

"मी उभा राहीन," ते हसून म्हणाले. त्यांना ते काही मोठं वाटलं नाही. त्यांना आठवतही नव्हतं, हे त्या हसण्यावरून मला कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बायकांना कधी बोलवायचं, ते माझ्या हातात होतं. मी समितीच्या दिवशीच बोलावलं, समितीच्याच वेळेला. आणि सांगितलं, भारे बारके बांधू नका. आई आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

पाहुणे गेटातून आत आले तेव्हा बायका भाऱ्यांशेजारी रांगेत उभ्या होत्या. पहिलीनं हाक मारली, "हात लावा, सर." सर वाकले. मग दुसरी, मग तिसरी. शर्टावर माती आली, केसांत पानांचा चुरा गेला, एका भाऱ्यातून तांबड्या मुंग्या निघाल्या आणि सरळ बाहीत शिरल्या. भारा हातांत असल्यामुळं त्यांना खाजवताही येईना. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी मात्र उघड हसले.

पण समितीतल्या एक बाई थांबल्या, हात जोडून म्हणाल्या, "सामाजिक शाश्वतता म्हणतात ती हीच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यापीठाच्या फोटोग्राफरनं फोटो काढले. सरांनी घाम पुसत सांगितलं, की ही इथली परंपरा आहे आणि ती आम्ही जपतो.

आठ दिवसांत आईचं पोस्टर उतरलं आणि तिथं सरांचं चढलं. सर भाऱ्याला हात लावताना. भाऱ्याखालच्या बाईचा चेहरा दिसतही नव्हता. वर लिहिलं होतं, 'आपला हात, निसर्गाला साथ.' मी वर्षभर राबून त्या माणसाला देव्हाऱ्यात बसवून दिलं होतं. मला त्या रात्री ताप आला.

पानांची मनाई मात्र उठली. यंदा होळी झाली आणि आईनं जुनी साडी बाहेर काढली. सकाळी खिडकीतून पाहिलं, तर ती आत आली होती. सोबतच्या बाईनं झाडाखालीच तिला हात लावला आणि ती भारा घेऊन गेटाकडं निघाली. गेट आता उघडंच असतं, कुणी अडवत नाही. तिथून घर हाकेच्या अंतरावर. एवढ्या टप्प्यात आईनं उभ्या जन्मात कधी भारा टेकवलेला मला आठवत नाही.

तिनं तो गेटाशी उतरवला. बरोबर पोस्टरखाली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात वॉचमनला म्हणाली, "सरांना बोलव."

तो म्हणाला असावा, की मीच लावतो हात, कारण तो पुढं झाला. आईनं मान हलवली आणि पोस्टरकडं बोट केलं. गेटाशी मुलं जमायला लागली होती. वॉचमन आत गेला. सर आले. त्यांनी पोस्टर पाहिलं, मुलं पाहिली, आईला पाहिलं. या खेपेला त्यांना सगळं आठवलं असावं, कारण चेहरा उतरला होता.

"जरा हात लावा, सर," आई म्हणाली.

ते वाकले. भारा चढला. आई मागं न पाहता घराकडं गेली.

संध्याकाळी ती चुलीशी भाकरी थापत होती. मी विचारलं, "गेटाशी कशाला टेकवलास गो भारा? घर तर समोरच."

"दमले," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि हात पुसला. "उद्याला पन दमनार हाय मी."