पाणी न पिणारा वॉटी

माझा नवरा वॉटी छपरं शाकारतो. स्कॉटलंडमधल्या आमच्या बँफ गावातल्या निम्म्या घरांवरच्या दगडी पाट्या त्याने बसवल्यात आणि जन्मभर कामावर थेंबभर पाणी प्यायलेला नाही. प्यायलं की लघवीला खाली उतरावं लागतं, उतरलं की उजेड वाया जातो. इथले सगळे छपरवाले असलेच. वर त्याची मिजास.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. ॲबर्डीनच्या हॉस्पिटलातल्या शोना नर्सने समोर बसवून सांगितलं, "वॉटी, बिघडलेली पेशी आपली आपण मरते. तशी सोय तिच्या आतच असते. तुमच्या या पेशी ती सोय अडवणारं प्रथिन नको तितकं बनवतात, म्हणून मरत नाहीत, नुसत्या साठतात. ही गोळी त्या प्रथिनालाच अडवते."

"म्हणजे आपणहून जीव देणार? झकास."

"पण एकदम मेल्या, तर त्यांचा कचरा किडन्यांत तुंबतो. म्हणून आधी छोटी गोळी, मग दर आठवड्याला मोठी. आणि दिवसभर भरपूर पाणी."

"पितो की."

पितोय कसला डोंबलाचा. मी बाटल्या भरून द्यायची, संध्याकाळी रिकाम्या यायच्या आणि मी मूर्ख खूश व्हायची. गोळी वाढवली त्या दिवशीही हा शहाणा छपरावर. घरी आला तो ओकतच.

"लघवीला कधी गेला होतास?"

"सकाळी. तुला काय करायचंय?"

ॲबर्डीनला पोचेपर्यंत मी गाडीत त्याला शिव्या घालत होते. किडन्या बंद पडल्या होत्या. त्याचा कामावरचा जोडीदार ड्यूगी भेटायला आला, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, तो बाटल्या पन्हळीत ओतायचा. आम्ही हसायचो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसायचो म्हणे. त्याला मी वॉर्डातून हाकलून दिलं.

आज डॉक्टरबाई आनंदाने सांगून गेल्या, रक्तातल्या वाईट पेशी जवळजवळ संपल्यात. किडन्यांचं मात्र सांगता येत नाही. तोवर रक्त गाळायला मशीन, आणि लघवीच होत नाही म्हणून पाणी अगदी मोजकं. आजचं दुपारीच संपलं.

वॉटीचे ओठ फुटलेत. मघाशी त्याने माझी बाही धरली.

"एक घोट दे गं, इशबेल. एकच."

लग्न झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे पाणी मागत होता. मी नाही म्हणाले.