हैबतीचा हद्दीचा दगड

हैबतीला संशय घ्यायला कारण लागत नसे. दूध पातळ लागलं की तो आधी म्हशीकडे बघे, मग बायकोकडे. पोलादपूरच्या बाजारात छत्री घेतली तरी दुकानातच तीनदा उघडून मिटून बघे. आणि शेजारचा येसाजी तर त्याच्या मते पक्का चोर. उतारावर येसाजीचं शेत वर, हैबतीचं खाली, मध्ये बांध आणि बांधावर हद्दीचा दगड. अकरा वर्षांपूर्वी येसाजीनं तो दगड खाली सरकवला असं हैबती म्हणे, येसाजी देवाची शपथ घेऊन नाही म्हणे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

दर महिन्याला हैबती सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या कासऱ्यानं माप घेई. वरच्या कातळावर देऊळ होतं, त्याच्या पायरीपासून दगडापर्यंत बावीस गाठी. कासरा तो उशाखाली घेऊन झोपे. न जाणो, कुणी एखादी गाठ सोडली तर!

तळियेवर दरड कोसळल्यापासून शाळेतल्या आम्रपालीबाई पावसाळ्याआधी गावाला जमवून जगभरच्या संकटांची माहिती देत. भोपाळचा वायू, जपानची लाट. यंदा त्यांनी इटलीतल्या एका डोंगराचं सांगितलं. धरणाच्या कडेचा तो डोंगर हळूहळू सरकत होता. लोक त्याला चालता डोंगर म्हणत, साहेब लोक रोज मोजत होते, पण खालची गावं कुणी उठवली नाहीत. शेवटी डोंगर धरणात कोसळला आणि उसळलेल्या पाण्यानं दोनेक हजार माणसं नेली. हैबती बायकोच्या कानाला लागला, "सगुना, ही बाय कुनाची गो? गाव खाली करून वर हाटेल बांधायचा डाव दिसतोय."

आषाढात त्यानं माप घेतलं, तर दगड तेविसाव्या गाठीवर! हैबती भडकला, खरं सांगायचं तर मनातून सुखावलाच. किती जमीन गेली ते बघायला त्यानं आपलं शेत मोजलं, बांधावरच्या दगडापासून खालच्या टोकाच्या दगडापर्यंत. शेत होतं तेवढंच भरलं. त्यानं कासऱ्यावर संशय घेतला, गाठी तपासल्या, पुन्हा मोजलं. खालचा दगडही तेवढाच खाली गेला होता, आणि त्याच्या पलीकडे तर नुसती दरी. एका बाजूनं चोरून दुसऱ्या बाजूनं भरून देणारा चोर कुठला? संशय घ्यायला माणूसच सापडेना, तेव्हा हैबती घाबरला. त्याला इटलीचा चालता डोंगर आठवला.

तो धावत शाळेत गेला. बाईंनी कासरा बघितला, तहसीलला फोन लावला, आणि दुपारपर्यंत वाडी गुरंढोरं घेऊन खालच्या, ओढ्यापलीकडच्या शाळेत उतरू लागली. येसाजी मात्र दारातून हलेना.

"मी उतरतो नि मागं तू बांध फोडतोस. वळखून हाय मी तुला."

हैबतीनं पहार आणली. येसाजीच्या डोळ्यांदेखत हद्दीचा दगड उपटला आणि उतारावरून दरीत लोटून दिला.

"घे. हद्द नाय, काय नाय. माजं शेत पन तूच घे. पन उतर रे बाबा खाली."

येसाजी उठला. "ह्यात तुजा डाव काय हाय?" असं वाटभर विचारत खाली आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगर आला. माणूस एकही गेलं नाही, पण दोन्ही शेतं, बांध, गोठे एकाच तांबड्या चिखलात गेले. शाळेच्या पडवीतून हैबती बघत राहिला आणि सगळ्यांसमोर पोरासारखा रडला. बऱ्याच वेळानं येसाजी शेजारी येऊन टेकला.

"हैबती, अकरा वर्सांमागं दगड मीच सरकवला व्हता. दोन हात."

हैबतीनं टॉवेलानं नाक पुसलं.

"अडीच," तो म्हणाला.