मामाचं ‘जरा’

संकटाचा आकार लहान करून सांगण्यात माझ्या मामाचा हात धरणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. जन्म कुडपणचा, नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपनीत आणि तोंडात कायम एकच शब्द, ‘जरा’. महाडात पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी घाबरून फोन केला, तर म्हणाला, "घरात जरा ओल आलीय गो." त्या वेळी मामा हा मामी, टीव्ही आणि पिठाचा डबा यांच्यासह माळ्यावर बसला होता आणि खाली स्टुलं पोहत होती. शेतात विंचू चावला, तर "जरा टोचल्यासारखं झालं." कौतुकालाही हेच माप. माझ्या लग्नात जिलेबीची परात जवळजवळ एकट्याने रिकामी करून त्याने आचाऱ्याला सांगितलं, "जेवण जरा बरं व्हतं." आचारी इतका हिरमुसला की शेवटी आईला त्याची समजूत काढावी लागली. मामी मात्र घरात आलेल्या नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात बजावायची, "ह्यांच्या जराला दहानं गुनायचं."

निवृत्त झाल्यावर मामा हळूहळू गप्प झाला. दाढी करेना, ताटातलं अन्न तसंच ठेवू लागला, कुडपणच्या शेताचा विषय काढला की भिंतीकडे बघायचा. विचारलं तर, "जरा करमत नाय." मामी आणि मी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

तिथे सिस्टरने एक छापील कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उदासपणा यांचा किती त्रास झाला, त्यावर खूण करायची: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मामाने चष्मा पुसला आणि सरसकट ‘काही दिवस’वर खुणा केल्या. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, या शेवटच्या प्रश्नालाही तीच खूण. सिस्टरने खुणांच्या मार्कांची बेरीज केली आणि म्हणाली, "सौम्य दिसतंय."

मामी उठली ती थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी. "सायेब, घरात पूर शिरला, आमी माळ्यावर, तरी ह्यांनी जरा ओल आलीय म्हनून सांगितलं. आता ह्या कागदाचं काय करायचं ते तुमीच बघा." डॉक्टर आधी हसले. मग त्यांची नजर शेवटच्या खुणेवर गेली. आम्हाला बाहेर बसवून ते मामाशी खूप वेळ बोलले. दार उघडलं तेव्हा मामाचे डोळे लाल झाले होते.

औषधं सुरू झाली. दर भेटीला तोच कागद. मामी शेजारी बसायची आणि मामाचं पेन ‘काही दिवस’कडे वळलं की नुसती खोकायची. दुसऱ्या भेटीत मार्क दुपटीने वाढले, तर डॉक्टर खूश. म्हणाले, "आता खरं बोलायला लागलात." तिथून मार्क उतरत गेले आणि मामा पुन्हा रोज दाढी करू लागला.

मध्यंतरी त्याच्याकडे राहून परत निघाले. मामा एसटी स्टँडवर सोडायला आला, खिडकीतून बॅग आत दिली आणि माझा हात धरून म्हणाला, "लवकर ये गो. तू गेलीस का मला लय एकटं वाटतं." एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. बस सुटली आणि मला रडू आवरेना.

पुढच्याच शनिवारी मी पुन्हा महाडला गेले.