सहा तासांचे अंतर

युसूफभाई अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगत नसत. जालना एक तास, पुणे सहा, नागपूर अकरा. बसस्थानकावर तीस वर्षे कंट्रोलरची खुर्ची सांभाळल्यामुळे जग त्यांना सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांतच दिसे. मुकुंदवाडीत आमची घरे समोरासमोर. चिकलठाण्याला उतरणारे विमान डोक्यावरून गेले की ते मनगटाकडे पाहत. "मास्तर, मुंबईची गाडी आज बारा मिनिटं लेट." विमानालाही ते गाडीच म्हणत.

त्यांचा एकुलता मुलगा इरफान नोकरीसाठी न्यूयॉर्कला निघाला, तेव्हा रझियाभाभी दोन दिवस जेवल्या नाहीत. युसूफभाईंनी तिकीट मागवून चष्मा लावला. मुंबईहून रात्री दीड, तिथे सकाळी साडेसात, तारीख तीच.

"छे घंटे है, रझिया. पूना समझो. सुबा बुलाए तो शाम कू हाजिर."

भाभी उठल्या आणि मुलाच्या सामानात लोणचे भरू लागल्या.

मी भूगोलाचा शिक्षक. त्या दोन वेळा दोन वेगळ्या देशांच्या घड्याळांच्या आहेत, अंतर साडेबारा हजार किलोमीटर आणि प्रवास सोळा तासांचा आहे, हे मला दिसत होते. इरफानने माझ्याकडे पाहिले व मान खाली घातली. मीही बोललो नाही. पोहोचल्याचा फोन सकाळऐवजी संध्याकाळी आला, तेव्हा युसूफभाई म्हणाले, "लेट झाली असंल."

चार वर्षांत इरफानला रजा जुळली नाही. मग एका सकाळी भाभी गेल्या. दुपारच्या नमाजानंतर दफन करावे, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले. युसूफभाई आडवे आले. "संध्याकाळपर्यंत थांबा. पोराला फोन केलाय. सहा तासांत येतो."

"चाचा, मय्यत कू इत्ता नहीं रोकते," कोणी तरी समजावले.

"तुमाला काय कळतंय? मास्तरला विचारा. मास्तर, सांगा यांना!"

मी सांगितले. विमानाचे सोळा तास, त्यापुढे मुंबईहून इथवर. परवाच्या आधी मुलगा येत नाही.

"तुमाला तवाच माहीत व्हतं?"

"होय."

ते वाटेतून बाजूला झाले. मग माणसांकडे वळून म्हणाले, "उठाओ."

इरफान तिसऱ्या दिवशी आला, आठवडाभर राहिला, परत गेला. युसूफभाईंनी माझ्याशी अबोला धरला. तीन महिने आम्ही आपापल्या दारात, आपापल्या खुर्चीवर बसत असू. विमान येई. किती उशीर झाला, हे मला कोणी सांगत नसे.

एके दिवशी ते खुर्ची ओढत माझ्या अंगणात आले.

"एक काम हाय, मास्तर. मी गेलो की आधी दफन, मंग फोन. नाय तर पोरगं सोळा तास अनोळखी माणसांत बसून रडंल. आन् इथं उतरून बघणार काय? दफन झालंय म्हटल्यावर निघायची घाई करणार नाय."

"त्याला माझा राग येईल."

"येऊ द्या. तुमाला सवय हाय."

मागच्या वर्षी ते गेले. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले. कबरस्तानातून परतल्यावर इरफानला फोन लावला. कबरीवर पहिली मूठ माती मुलाने द्यायची असते. त्याने विचारले, "सर, पहली मिट्टी किसने दी?"

"मी," एवढेच मी म्हणालो.